कॅमेरा लावला, पण चोराची फक्त टोपी दिसली!

(आजच्या भागाचं लेखी रूप. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. बोलण्यातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)

आज विषय आहे घराच्या सुरक्षेचा. कॅमेरा कोणता घ्यायचा, कुठे लावायचा, आणि सेन्सर नावाचं प्रकरण नेमकं काय आहे.

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करतो. आमच्या पार्किंगमधून सायकल चोरीला गेली. मी म्हटलं, टेन्शन नाही, कॅमेरा आहे ना! फुटेज काढलं. त्यात सायकल दिसली, नेणारा माणूसही दिसला. पण काय दिसलं त्याचं? डोक्यावरची टोपी. कॅमेरा होता पंधरा फुटांवर, स्लॅबच्या अगदी खाली. एवढ्या उंचावरून चेहरा कसा दिसणार, बाप्पा!

तुमच्यापैकी बरेच जण नोकरीसाठी पुण्यात, बेंगळुरूत आहेत आणि आई-बाबा इकडे मनीषनगरला, नंदनवनला नाहीतर महालात. काही जणांची घरं उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस बंद असतात. मग आपण घाईत ऑनलाइन सेल बघतो, चार कॅमेऱ्यांचा सेट मागवतो आणि समजतो की घर सुरक्षित झालं. तसं होत नाही. का होत नाही, तेच आज बघू.

आधी घराचा चौक शोधा

आपल्या नागपुरात सेफ अँड स्मार्ट सिटी प्रकल्पात साडेतीन हजारांहून जास्त कॅमेरे बसले, साधारण ७०० ठिकाणी. ही ठिकाणं प्रामुख्याने चौक आहेत. प्रत्येक गल्लीत नाही, चौकातच का? कारण गाडी कुठूनही येवो, तिला कुठल्या ना कुठल्या चौकातून जावंच लागतं.

हाच नियम घराला लावा. तुमच्या घरात शिरायचं असेल तर माणसाला कुठून जावंच लागेल? फाटक, मुख्य दार, मागचं दार, गच्चीचा जिना. बस, हेच तुमच्या घराचे चौक. बहुतेक घरांना दोन किंवा तीनच असतात. आणि शहराचा कॅमेरा तुमच्या फाटकाकडे बघत नाही, तो चौकाकडे बघतो. तुमच्या दारापुरतं तुम्हालाच बघायचं आहे.

एक चौक आपण नागपूरकर हमखास विसरतो, तो म्हणजे कूलरची खिडकी. कूलर बसवायला ग्रिल काढलेली असते, नाहीतर खिडकी उघडीच असते. कूलर थोडा सरकवला की माणूस आत! तिथे कॅमेऱ्याआधी लोखंडी जाळी किंवा सळई लागते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी दार, कडी, कुलूप, ग्रिल आणि उजेड. मग सेन्सर. मग कॅमेरा. कुलूप चोराला अडवतं, सेन्सर तुम्हाला त्याच क्षणी कळवतो, आणि कॅमेरा नंतर सांगतो की काय झालं. कॅमेरा बघून एखादा चोर मागे फिरेलही, पण त्या भरवशावर मागचं दार कच्चं ठेवू नका.

चेहरा दिसायला किती जवळून?

दुकानदार म्हणतो, ‘भाऊ, पन्नास फूट दिसते!’ खोटं नाही बोलत तो. पण माणूस आहे एवढं दिसणं वेगळं आणि तो कोण आहे हे ओळखणं वेगळं.

यासाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. दृश्यातल्या एक मीटर रुंदीवर किती पिक्सेल पडतात, ते मोजतात. २५ पिक्सेल पडले तर कोणीतरी आहे एवढंच कळतं. १२५ पडले तर ओळखीचा माणूस ओळखू येतो. अनोळखी माणसाची ओळख पक्की पटायला २५० लागतात.

आता २ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. त्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. १९२० भागिले २५०, म्हणजे साधारण साडेसात मीटर. दृश्य याहून रुंद झालं की अनोळखी चेहऱ्याची खात्री संपली. २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स असेल तर ही मर्यादा जेमतेम दहा फुटांवर येते! ६ मिलिमीटरची लेन्स कमी रुंद बघते, पण तिच्यात वीस-बावीस फुटांवरचा चेहराही पकडता येतो.

म्हणून अंगणासाठी रुंद लेन्स आणि फाटकासाठी अरुंद लेन्स. दुकानात फक्त ‘किती मेगापिक्सेल’ विचारू नका, ‘लेन्स किती मिलिमीटरची’ हेही विचारा. आणि निदान एक कॅमेरा सात-आठ फुटांवर, येणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर लावा. तेवढ्या उंचीवर असता तर माझ्या सायकलवाल्याचा चेहरा दिसला असता.

नागपूरचं ऊन, धूळ आणि वीज

बाहेर लावायच्या कॅमेऱ्यावर आयपी ६५, ६६ किंवा ६७ लिहिलेलं बघा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. पण हा आकडा उन्हाबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी माहितीपत्रकात कॅमेरा किती तापमानापर्यंत चालतो ते वाचा. काही ५० अंशांपर्यंतचे असतात, काही ६० पर्यंतचे. मे महिन्यात आपल्याकडे हवाच ४५ च्या वर जाते आणि पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन खाणारा कॅमेरा त्याहून जास्त तापतो. म्हणून ६० वाला घ्या आणि छज्जाखाली लावा. उगवतीच्या किंवा मावळतीच्या सूर्याकडे तोंड करून लावू नका, चित्र पांढरं पडतं.

खिडकीच्या काचेमागून बाहेर बघणारा कॅमेरा रात्री आंधळा होतो. त्याच्या इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड काचेवर आपटून परत लेन्समध्येच येतो. लेन्ससमोर कोळ्याचं जाळं असलं तरी तसंच होतं. महिन्यातून एकदा फडकं मारा.

आता वीज. लाइट गेली की राउटर बंद, राउटर बंद की वायफाय कॅमेऱ्याचा संदेश बंद. त्यामुळे इन्व्हर्टरवर कॅमेऱ्याबरोबर राउटरही असू द्या. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो. मान्सूनच्या आधीच्या वादळात विजा पडतात, तेव्हा लांब वायरीतून झटका येऊन रेकॉर्डर जळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

वायफाय की वायरचा? फ्लॅट असेल, एक-दोनच कॅमेरे असतील, तर वायफाय चालेल. स्वतंत्र घर असेल, तीन-चार कॅमेरे असतील किंवा महालातल्या जुन्या वाड्यासारख्या जाड भिंती असतील, तर वायरचाच घ्या. नेटवर्क केबलमधूनच वीज जाते असेही कॅमेरे येतात. त्यांची केबल १०० मीटरपर्यंत नेता येते आणि प्रत्येक कॅमेऱ्यापाशी प्लग लागत नाही.

सेन्सर: स्वस्त, पण समजून घ्या

दाराचा सेन्सर एकदम साधा असतो. एका बाजूला लोहचुंबक, दुसऱ्या बाजूला स्विच. दार उघडलं, दोघं लांब गेले, फोनवर संदेश. मागच्या दाराला आणि गच्चीच्या दाराला हा लावाच.

दुसरा असतो हालचालीचा सेन्सर. खरं तर तो हालचाल बघत नाही, उष्णता बघतो. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यातला फरक सरकला की तो जागा होतो. आता गंमत बघा. मे महिन्यात भिंती रात्रीपर्यंत तापलेल्या असतात. माणूस आणि भिंत जवळपास सारखेच गरम. अशा वेळी हा सेन्सर कमी पकडतो! वर कूलरचा झोत समोर असेल तर उगाच ओरडतोही. म्हणून आपल्याकडे फक्त याच्यावर विसंबू नका, दाराचा चुंबकवाला सोबत ठेवा. तो उन्हाळ्यातही तसाच काम करतो.

लावताना खोलीच्या कोपऱ्यात, सात फुटांच्या आसपास लावा. माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल अशी जागा निवडा. सरळ त्याच्याकडे चालत येणारा त्याला उशिरा कळतो.

आणि सेन्सरला भोंगा जोडा. तुम्ही हिंजवडीत मीटिंगमध्ये असाल तर फोनवरचा संदेश तासाभराने बघाल. भोंगा शेजारच्या काकूंना लगेच ऐकू येतो. त्यांना आधी सांगून ठेवा: वाजला तर आत जाऊ नका, ११२ ला फोन करा.

रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं?

हिशेब सोपा आहे. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट वापरत असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमध्ये अकरा-बारा दिवस. तुम्ही वीस दिवस गावाला गेलात आणि चोरी दुसऱ्याच दिवशी झाली, तर परत येईपर्यंत ते फुटेज पुसलं गेलेलं असणार! एच २६५ पद्धतीने साठवणारा रेकॉर्डर घेतला तर जवळपास निम्म्या जागेत काम होतं. नाहीतर डिस्क मोठी घ्या.

रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका. चोर तोच उचलून नेतो. कुलपाच्या कपाटात ठेवा, हवा लागेल एवढी फट ठेवून.

आणि रेकॉर्डरचं घड्याळ! तारीख चुकली की फुटेजवर शंका येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत ठरावीक प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यामुळे टीव्हीच्या स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं म्हणजे पुरावा नव्हे. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या, रेकॉर्डरला हात लावू नका, पोलिसांना दाखवा.

तुमचा कॅमेरा दुसराच कोणी बघत नाही ना?

२१ ऑक्टोबर २०१६. अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास कोलमडल्या. हल्ला कशातून झाला? लोकांच्या घरातल्या कॅमेऱ्यांमधून आणि रेकॉर्डरमधून. मिराई नावाचा व्हायरस कंपनीने दिलेले साठेक ठरलेले पासवर्ड एकेक करून लावून बघायचा. ज्यांनी पासवर्ड बदलला नव्हता, त्यांची उपकरणं त्याच्या ताब्यात गेली.

आपल्याकडे ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी बंधनकारक आहे. बर्डीत घ्या की ऑनलाइन, बॉक्सवर बीआयएसची खूण आणि नोंदणी क्रमांक बघा. बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो.

आणि खूप घरांत होणारी चूक: बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडतो. मग मालक तुम्ही, पण चावी त्याच्याकडे! खातं तुमच्याच नंबरवर, तुमच्यासमोर उघडा. तो गेल्यावर पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. घरच्यांना पासवर्ड देऊ नका, अ‍ॅपमधून त्यांना वेगळा प्रवेश द्या.

शेवटचा प्रश्न: आईला विचारलं का?

मुलं प्रेमाने हॉलमध्ये कॅमेरा लावतात. आई-बाबा ठीक आहेत ना, एवढंच बघायचं असतं. पण आई त्याच हॉलमध्ये केस वाळवते, बाबा बनियनवर बसतात, मैत्रिणी येतात. आपल्याच घरात कोणीतरी सतत बघतंय, हे ओझं असतं. त्या बोलत नाहीत, पण कॅमेऱ्यावर हळूच रुमाल टाकतात!

एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कोलकाता उच्च न्यायालयाने म्हटलं की सहनिवाशाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. म्हणजे विचारणं हा नुसता चांगुलपणा नाही. शेजाऱ्यांची खिडकी किंवा दार चित्रात येत असेल तर कॅमेऱ्याचा कोन बदला, नाहीतर सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करा.

आई-बाबांच्या घरासाठी माझं मत विचाराल तर कॅमेरे दाराबाहेर, आत फक्त दाराचे सेन्सर. आणि ते बरे आहेत ना हे बघायला? रोज संध्याकाळी एक फोन करा. त्याला ना वायफाय लागतं, ना हार्ड डिस्क.

या रविवारी एकच काम करा. फोनचा कॅमेरा चालू करून फाटकापासून मागच्या दारापर्यंत चोरासारखं चालत जा. कुठून शिराल, ते लिहून काढा. ती यादी घेऊनच दुकानात जा.

भाग कामाचा वाटला तर घरच्या ग्रुपवर टाका. आणि तुमच्या घराचा विसरलेला चौक कोणता निघाला, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!