बाळंतपणात वाढलेलं वजन चाळिशीपर्यंत का राहतं?

“दोन बाळंतपणांत सुटलेलं अंग आहे हे,” असं म्हणत पंचेचाळिशीतली बाई वजनकाट्यावर उभी राहते. तिचं म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं तिला सहसा कुणी सांगत नाही.

किती किलो मागे राहतात?

गरोदरपणात दहा-बारा किलो वाढणं स्वाभाविक आहे. त्यात बाळ साधारण तीन किलोचं. बाकी वार, गर्भजल, वाढलेलं रक्त आणि दुधासाठी साठवलेली चरबी. वर्षभरात बहुतेक वजन उतरतं, सरासरी एक-दोन किलो मागे राहतात. काहींचे मात्र पाच किलोही राहतात, आणि ते उतरण्याआधीच पुन्हा दिवस गेले तर पुढची वाढ त्यांच्यावर चढते. म्हणून दोन मुलांमध्ये अंतर हवं.

लाडवांचा डबा

सुकं खोबरं, खारीक, गूळ, तूप घातलेला डिंकाचा लाडू बाळंतिणीला द्यायला काहीच हरकत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं आयसीएमआर सांगते. पाजणं कमी झालं तरी डबा भरतच राहतो, तिथे गाडी अडते. पुढे मूल जेवायला लागतं. त्याच्या ताटलीत चार घास वरणभात आणि तूप लावलेला पोळीचा तुकडा उरतो. ‘टाकायचं कशाला’ म्हणून आई तो उभ्याउभ्याच संपवते, आणि मग स्वतःचं पान वाढून घेते. हे वर्षानुवर्षं चालतं.

वडिलांचंही वाढतं

ब्रिटनमध्ये साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांचा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. मुलं जास्त तसा स्थूलपणा जास्त, हे आयांमध्ये दिसलं तसंच वडिलांमध्येही. वडील काही बाळंत झाले नव्हते! म्हणजे मुलं वाढवतानाची दगदग, अवेळी जेवण, व्यायामाला न मिळणारा वेळ यांचाही वाटा मोठा. घरातली कामं वाटून घेणं हा बाईच्या तब्येतीचाच प्रश्न आहे, असं मी म्हणूनच मानते.

पाळी जाताना

पाळी जाण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटतं आणि चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटावर साठू लागते. म्हणून काट्याबरोबर टेपही हवी. भारतीय स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांचं कंबर-नितंब प्रमाण धोक्याच्या रेषेपलीकडे होतं.

जुनी फाइल काढा

गरोदरपणी साखर वाढली होती का, हे फाइलमध्ये पाहा. बाळंतपणानंतर ती उतरते आणि घरचे विसरून जातात. पण अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट असते. मुलं आता कॉलेजात असली, तरी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि साखर दरवर्षी तपासून घ्या.