आधी हेड, मग संगणक

कॅसेट संगणकावर घ्यायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, खरखर कोणत्या सॉफ्टवेअरने जाईल? खरी मेहनत मात्र टेप डेकवर घ्यावी लागते. फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडने जे टिपलेच नाही, ते पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात ही कॅसेट आणली. तिची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या संथ फितीवर १०,००० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत बसवावी लागते. ‘स’, ‘श’ यांची धार आणि टाळांची किणकिण याच वरच्या पट्ट्यात असते.

अशी लहर वाचणारी हेडमधली फट फितीच्या दिशेला अचूक काटकोनात हवी. मोनो कॅसेटवर आवाजाचा माग दीड मिलिमीटर रुंद असतो. हेड जेमतेम ०.२ अंशाने कलले, तरी मागाच्या एका अर्ध्या भागात लहरीचा चढ आणि दुसऱ्या अर्ध्यात उतार वाचला जातो. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि आवाज घोंगडीआडून आल्यासारखा होतो. त्यात ज्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली, त्याचेच हेड तिरके असले तर उत्तम डेकवरही ती घुसमटलेलीच वाजणार. म्हणून हेडचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने जुळवावा लागतो.

हेडशेजारी स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवायची, दोन्ही चॅनल एकत्र करून ऐकायचे आणि स्क्रू किंचित, अगदी किंचित फिरवायचा. कीर्तनाच्या कॅसेटवर फरक लगेच कळतो. नुसती खसखस वाटणारे टाळ सुटे होतात, बुवांचे शब्द उमगू लागतात. हे ऐकल्यावर खरखरीचे फारसे काही वाटत नाही!

फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट डेकमध्ये घालूच नये. तिचे कण हेडवर आणि तिथून पुढच्या कॅसेटवर जातात. कोकणातल्या दमट घरांत हे आधी तपासावे. फितीमागचा नमद्याचा तुकडा गळाला असेल तर फीत हेडला नीट टेकत नाही. तो बसवावा, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे.

डेकची लाइन-आउट तार संगणकाच्या लाइन-इनमध्येच जोडावी. माइकची खाच इतका मोठा संकेत पेलत नाही, आवाज फाटतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल तासाला सुमारे २ जीबी जागा घेते. घेऊ द्यावी. एमपी३ मागाहून कधीही करता येते. खरखर काढायचे प्रयोगही प्रतीवरच करावेत, कारण खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि गाणाऱ्याचा श्वासही जातो.

साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागतातच. तेवढा वेळ घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवावे आणि कोण गाते आहे, पेटीवर कोण, प्रसंग कुठला, हे विचारून फाइलच्या नावातच लिहावे.