चारही चाकांस ओढ असणाऱ्या मोटारी व त्यांचे टायर

मोरगावच्या मयूरेश्वराचे दर्शन घेऊन चौफुला-न्हावरे मार्गाने रांजणगावकडे निघालेल्या यात्रेकरूस वाटेत सुपे हे गाव लागते. शहाजीराजांच्या जहागिरीतील पुणे व सुपे हे परगणे इतिहासात प्रसिद्धच आहेत. १८७५ साली सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या दंग्याची पहिली ठिणगीही ह्याच गावी पडली. बारामतीच्या पूर्वेकडे नीरेच्या डाव्या कालव्याने बागायत फुलविली असली, तरी सुप्याचा भाग मात्र पर्जन्यछायेतला व जिरायतीचा. जवळच चिंकारा हरणांकरिता राखलेले मयूरेश्वर अभयारण्य आहे. चोहोकडे गवताळ माळ, बाभळी आणि बोरी; आणि जेथे बाभळी तेथे काटा आलाच.

अशा ह्या रस्त्यावर एखाद्या कुटुंबाच्या मोटारीचा एक टायर धारदार दगडाने बाजूला चिरला, अशी कल्पना करावी. मोटार दोनअडीच वर्षे वापरलेली आहे. स्टेपनी चढवून मंडळी बारामतीस पोचतात. दुकानदार म्हणतो, "एक टायर गेला, एक नवा घाला." हे म्हणणे ऐकणाऱ्यास सरळ वाटते. साध्या मोटारीच्या बाबतीत ते थोड्याफार सावधगिरीने चालूनही जाते. परंतु ज्या मोटारीस बाजारात 'फोर बाय फोर' किंवा 'ऑल व्हील ड्राइव्ह' म्हणतात, म्हणजे जिच्या चारही चाकांस इंजिनाची ओढ मिळते, तिच्या बाबतीत हाच सल्ला पुढे फार महाग पडण्याचा संभव असतो. अशा मोटारी आता विरळ राहिलेल्या नाहीत. रांजणगावच्या कारखान्यातून २०१७ पासून बाहेर पडू लागलेल्या जीप कंपास मोटारीचे काही प्रकार ह्याच जातीचे. तेव्हा एका टायरच्या बदलाने सबंध यंत्रास इजा कशी पोचते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

ह्याचा उलगडा बैलगाडीपासून केल्यास सोपा जातो. गाडीचा कणा जागच्या जागी स्थिर असतो व त्याच्या दोन टोकांवर दोन चाके स्वतंत्रपणे फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावे लागते. ते अधिक फिरते, आतले कमी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका चाकाची धाव झिजून ते किंचित लहान झाले तरी गाडी एका अंगास थोडी कलेल, एवढेच. बैल चाकांस फिरवीत नाहीत. ते गाडी ओढतात व चाके आपोआप फिरतात.

मोटारीची गोष्ट उलट आहे. तेथे इंजिन चाकांस फिरविते. एकाच दांड्याने दोन्ही चाके फिरवावयाची आणि तरीही वळणावर त्यांना कमीजास्त फिरण्याची मोकळीक द्यावयाची, असा हा पेच होता. तो पेकर नावाच्या फ्रेंच कारागिराने १८२७ साली सोडविला. त्याने योजिलेल्या दातेरी चक्रांच्या जुळणीस डिफरन्शिअल म्हणतात. ती दोन चाकांमध्ये बसते व एकाचे फिरणे घटले की दुसऱ्याचे तितकेच वाढू देते.

चारही चाकांस ओढ द्यावयाची म्हटली की पुढच्या जोडीस एक व मागच्या जोडीस एक, असे दोन डिफरन्शिअल लागतात. शिवाय पुढची जोडी व मागची जोडी ह्यांच्यामध्येही तडजोड घडवून आणणारे काही तरी हवे, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांहून मोठ्या वर्तुळात फिरतात. काही मोटारींत हे काम तिसरे डिफरन्शिअल करते. काहींत पातळ चकत्यांची चवड जाड तेलासारख्या सिलिकोन द्रवात बुडविलेली असते, तर अलीकडील पुष्कळ मोटारींत विजेच्या हुकमाने दाबला जाणारा क्लच असतो. तपशील निरनिराळे असले तरी तत्त्व एकच: हा मधला मध्यस्थ वळणापुरता, घटकाभर काम करावा अशा बेताने घडविलेला आहे.

आता चिरलेल्या टायरकडे परत येऊ. २२५/६० आर १७ ह्या मापाचा टायर घेतला तर त्याचा व्यास सुमारे ७०२ मिलिमीटर व घेर २,२०५ मिलिमीटर भरतो. नव्या टायरच्या खाचांची खोली ८ मिलिमीटर आहे व उरलेल्या तिघांची झिजून ३ मिलिमीटर राहिली आहे, असे धरू. त्रिज्येत ५ मिलिमीटरांचा फरक, म्हणून व्यासात १० व घेरात सुमारे ३१ मिलिमीटरांचा. नवे चाक एका किलोमीटरात सुमारे ४५३ फेरे घेईल, तर जुने सुमारे ४६०. शंभर किलोमीटरांत हा फरक साडेसहाशे फेऱ्यांच्या घरात जातो. हा हिशेब निव्वळ भूमितीचा आहे. टायरच्या पोटातील पोलादी पट्ट्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. परंतु तो नाहीसा होत नाही.

ह्याचा परिणाम असा की रस्ता सरळ असला तरी यंत्रास मात्र मोटार अखंड वळत असल्याचा भास होतो. जो मध्यस्थ घटकाभर राबावयाचा, तो तासन्‌तास राबतो. द्रवातल्या चकत्या एकमेकींवरून सतत सरकून द्रव तापतो; क्लच घासून झिजतो; डिफरन्शिअलचे वंगण करपते. विजेच्या यंत्रणेचीही फसगत होते. एक चाक कमी फिरते व इतर अधिक, असे दिसताच जुनी चाके घसरत आहेत असा तिचा ग्रह होतो आणि नसत्या वेळी ती क्लच दाबते. आवळ वळणावर मोटार अडखळणे, खालून गुणगुण ऐकू येणे, जळक्या तेलाचा वास येणे किंवा समोरच्या फळीवर इशाऱ्याचा दिवा लागणे, ही ह्या विकाराची लक्षणे होत. ती दिसू लागेपर्यंत पुष्कळदा नुकसान होऊन चुकलेले असते, व त्याच्या दुरुस्तीचा खर्च चार टायरांच्या किमतीहूनही अधिक होऊ शकतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. महिंद्राची थार किंवा जुनी जिप्सी ह्यांसारख्या गाड्यांत एरवी मागच्याच दोन चाकांस ओढ असते. चालकाने दांडा ओढला म्हणजेच पुढच्या चाकांस ती मिळते. त्यांत मधला मध्यस्थ मुळीच नसतो. पुढची व मागची जोडी एकमेकींस घट्ट बांधली जाते. पावसाळ्यात काळ्या रानातील चिखलात हे चालते, कारण तेथे चाके थोडी घसरून फरक भरून काढतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ही ओढ चालू ठेवल्यास चारही टायर सारखे असूनसुद्धा यंत्रावर ताण पडतो. ज्यांच्या गाडीत अशी सोय आहे त्यांनी चिखल संपताच दांडा पूर्ववत करावा.

मग टायर निकामी झाल्यावर करावे काय? प्रथम तो खरोखर निकामी झाला आहे काय, हे पाहावे. बाभळीच्या काट्याने किंवा खिळ्याने जमिनीस टेकणाऱ्या भागात पाडलेले लहान भोक, सुमारे ६ मिलिमीटरांपर्यंतचे, आतल्या बाजूने ठिगळ लावून नीट बुजविता येते. टायरची बाजूची भिंत चिरली असेल तर मात्र दुरुस्ती करू नये. भरवेगात तो फुटण्याचे भय असते, आणि येथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो.

टायर बदलणे भागच असेल तर उरलेल्या तिघांच्या खाचांची खोली मोजून घ्यावी. मोजण्याची पट्टी दुकानात मिळते. मोटारीबरोबर आलेल्या पुस्तिकेत किती फरक चालेल हे बहुधा दिलेले असते. जपानच्या सुबारू कारखान्याने घेरातील फरकाची मर्यादा पाव इंच ठेविली आहे. पाव इंच घेर म्हणजे खाचेच्या खोलीत जेमतेम एक मिलिमीटर! इतर काही कारखाने दोनतीन मिलिमीटरांपर्यंत सूट देतात. फरक मर्यादेत असेल तर त्याच मापाचा, त्याच बनावटीचा व त्याच नक्षीचा एक टायर पुरे. नसेल तर चारही बदलावेत. दोनच बदलल्याने एका जोडीतील भेद मिटतो. पुढच्या व मागच्या जोडीतील भेद तसाच राहतो, व मधल्या मध्यस्थास विश्रांती ती नाहीच. अमेरिकेत काही दुकाने नवा टायर मुद्दाम तासून जुन्यांच्या बरोबरीस आणून देतात, ह्यावरून ह्या गोष्टीचे महत्त्व कळून येईल.

परंतु ही पाळी येऊ न देणेच शहाणपणाचे. महिन्यातून एकदा, गाडी उभी राहून टायर थंड झाले असता, हवेचा दाब तपासावा. दर आठ ते दहा हजार किलोमीटरांस चाकांच्या जागा आलटून पालटून घ्याव्यात, म्हणजे झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. स्टेपनी पूर्ण मापाची असल्यास तिलाही ह्या पाळीत घ्यावे. एकाच दिशेने फिरणाऱ्या नक्षीचे टायर असतील तर पुस्तिकेत सांगितले असेल तेच करावे. पाचही चाके बरोबरीने झिजत गेली की वाटेत एक निकामी झाले तरी पाचवे त्याची जागा बिनतक्रार घेते. दाब दाखविणारी यंत्रणा व दुरुस्तीची सामग्री असलेल्या मोटारींस स्टेपनी नसली तरी चालेल, अशी सवलत सरकारने २०२० साली दिली. तथापि चिरलेल्या भिंतीपुढे ती सामग्री निरुपयोगी ठरते. लहान मापाची स्टेपनी असेल तर ती केवळ जवळच्या दुकानापर्यंत हळू जाण्यासाठी आहे असे समजावे.

खाचांची खोली १.६ मिलिमीटरांवर आली की कायद्यानेही टायर बाद ठरतो. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे नक्षीच्या पातळीस आले म्हणजे ती वेळ झाली असे जाणावे. टायरच्या अंगावरील चार आकड्यांवरून त्याचे वय कळते. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. आणखी एक सूचना: अशी मोटार बंद पडल्यास दोन चाके उचलून व दोन जमिनीवर फरफटत नेऊ देऊ नये, ती चारही चाकांसह सपाट गाडीवर चढवूनच न्यावी.

पूर्वी ह्याच सुप्याच्या वाटेने बैलगाड्या चालत, तेव्हा उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली की गाडीवान ती निसटण्याची वाट पाहत नसे. चाक लोहाराकडे नेऊन धाव तापवून पक्की बसवून घेई. त्याच्या दोन चाकांचा एकमेकांशी संबंध नव्हता, तरी त्याचे लक्ष दोहोंवर असे. आजच्या मोटारीची चारही चाके एका सूत्रात बांधलेली आहेत. तेव्हा घरधन्याने यात्रेस निघण्यापूर्वी चारांकडे, आणि पाचव्याकडेही, एकदा वाकून पाहावे.