पोलीस पाटलाला काढायचं कुणी?

पावसाळ्यात इटियाडोह धरणाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागलं की बघ्यांची रीघ लागते. समजा, त्या गर्दीत कुणी घसरून पडलं आणि गावचा पोलीस पाटील नेमका तिथे नव्हता. संध्याकाळपर्यंत गाव ठरवून मोकळं: याला काढा. ग्रामसभा ठराव घेईल, ठाणेदारही मान डोलावतील. तरी दुसऱ्या दिवशी पाटील पदावर असेलच.

कारण त्याला नेमलं उपविभागीय अधिकाऱ्यांनी, म्हणजे एसडीओंनी. एकेकाळी पाटीलकी बापाकडून लेकाकडे जायची. आता महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 खाली साधारण पाच वर्षांसाठी नेमणूक होते. पद मानधनाचं असलं तरी ते सरकारी नागरी पद धरलं जातं, आणि तिथे राज्यघटनेचा अनुच्छेद 311 आडवा येतो. नेमणाऱ्यापेक्षा खालचा अधिकारी त्याला काढू शकत नाही. म्हणजे ठाणेदार अहवाल पाठवतील, तहसीलदार शेरा मारतील, सही मात्र त्यांची चालणार नाही.

एसडीओंनाही मन मानेल तसं करता येत नाही. हलगर्जी, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन, यांपैकी काहीतरी दाखवावं लागतं. मग शिक्षांची चढती शिडी आहे: ठपका, नुकसानीची वसुली, दंड, निलंबन आणि अगदी वर पदावरून दूर करणं नि बडतर्फी. एका गैरहजेरीसाठी थेट वरच्या पायरीवर उडी मारली, तर आदेश टिकणं अवघड.

खरी मेख असते कारणे दाखवा नोटिशीत. ‘आपण कर्तव्यात कसूर केली, खुलासा करावा’ एवढ्या मोघम ओळीला कुणी काय उत्तर द्यावं? तारीख, वेळ, जागा, कोणतं काम केलं नाही, कुणाचा जबाब आहे, हे कागदावर हवं. कारण पाटलाचं उत्तर असंही असू शकतं: ‘त्या वेळी मी ठाण्यावरच बैठकीला होतो, हजेरीपटावर सही आहे.’ ते न ऐकता काढलं, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे जायची वाट त्याला मोकळी आहे. गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर मात्र चौकशीशिवायही काढता येतं.

हे दुखणं काही आपल्याच मुलखातलं नाही. इंग्लंडात ब्रायटन शहराचा पोलीसप्रमुख रिज याला 1958 मध्ये स्थानिक समितीने बाजू न ऐकताच काढलं. 1963 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निर्णय रद्द ठरवला: काढायला कारण लागतं असं पद असेल, तर आधी ते कारण सांगा आणि त्याचं म्हणणं ऐका.

नेमलेल्या प्रत्येकाला हे कवच नसतं. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरच्या नगरपालिकेवर सरकारने नेमलेल्या दोन महिला सदस्यांना सरकारनेच काढलं. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ते ग्राह्य धरलं. मर्जीने मिळालेली खुर्ची मर्जीने गेली. मला हा निकाल तर्काला धरून वाटतो, पण गोड वाटत नाही.

पोलीस पाटलाची कच्ची बाजू वेगळीच आहे: नूतनीकरण. पाच वर्षं भरली की ‘काढलं’ म्हणावंच लागत नाही, पुन्हा नेमलं नाही की झालं. अशा वेळी ठाण्याचा अहवाल नि जुने ठपके फाइलमधून वर येतात. म्हणून जाणता पाटील साध्या ठपक्यालाही लेखी उत्तर देतो आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून निघत नाही.