सुईनंतर जुलाब, म्हणून सुईमुळेच?

भवानी पेठेतल्या एका घरातली गोष्ट. बाळाला नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस दिली. तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. "सुईनेच झालं," नानी म्हणाल्या. दुसरा डोस राहिलाच.

पण नवव्या महिन्यात आणखी काय काय होतं? बाळ रांगतं, वरचं खातं, हाताला लागेल ते तोंडात घालतं. लस न घेतलेल्या पोरांनाही याच वयात जुलाब होतात. या लसीने ताप येऊ शकतो, तोही साधारण आठवड्यानंतर. ते लपवायचं कशाला?

पैगंबर (स.) यांचे चिमुकले इब्राहीम वारले त्या दिवशी ग्रहण लागलं. लोकांनी दोन्हीचा संबंध जोडला. कुणाच्या मरणाने ग्रहण लागत नाही, असं त्यांनी त्या दुःखातही लोकांना बजावलं.

अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 1998 मध्ये फक्त 12 मुलांवरून गोवराच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. ऑटिझमची लक्षणं आईबापांच्या ध्यानात येतात तीही साधारण या लसीच्याच वयात! 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने तो लेख मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या, तुलना झाली. लसवाल्यांत ऑटिझम जास्त निघाला नाही.

2022 मध्ये गोवंडी, मालेगावात गोवर पसरला. मुंबईत लेकरं दगावली.

दुसरा डोस 16 ते 24 महिन्यांत असतो. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळतो.