बारा ग्रामसभांचा नकार

ओडिशाच्या रायगडा आणि कलाहंडी जिल्ह्यांत नियमगिरीचे डोंगर पसरले आहेत. त्यांच्या सपाट माथ्यांखाली सात कोटी टनांहून अधिक बॉक्साइट आहे. पावसाळ्यात हा सच्छिद्र थर पाणी पोटात घेतो आणि पुढे उन्हाळाभर झऱ्यांतून सोडत राहतो. वंशधारा नदीचा उगम इथलाच. डोंगरिया कोंध आदिवासी माथ्यावरचं जंगल तोडत नाहीत, कारण तिथे त्यांचा देव नियमराजा राहतो. खडकाचं शास्त्र आणि त्यांची श्रद्धा एकाच जागी येऊन पोहोचतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

पायथ्याला लांजीगडमध्ये वेदांत कंपनीचा अ‍ॅल्युमिना कारखाना डोंगरावरच्या नियोजित खाणीला अंतिम वनमंजुरी नसतानाच सुरू झाला. २०१० मध्ये केंद्राने ती मंजुरी नाकारली, तेव्हा राज्य सरकारचं खाण महामंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने वनहक्क कायद्याचा आधार घेत खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याने. डोंगरावर शंभरावर पाडे. राज्य सरकारने निवडले फक्त बारा. जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली सभा झाल्या. बाराच्या बारा सभांनी खाण नाकारली.

विषय तिथेच संपायला हवा होता. पण २०१६ मध्ये महामंडळ पुन्हा ग्रामसभा घ्या म्हणून न्यायालयात गेलं. ती मागणी फेटाळली गेली. मग केंद्रीय गृहखात्याच्या २०१६-१७ च्या अहवालाने खाणीविरुद्ध लढणाऱ्या नियमगिरी सुरक्षा समितीचा संबंध माओवाद्यांशी जोडला. असा शिक्का बसला की झऱ्याबद्दल बोलणारा माणूस संशयित ठरतो, आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची गरजच उरत नाही. दडपशाहीची ही सगळ्यात सोपी रीत आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या तयारीतल्या दोघा कार्यकर्त्यांना लांजीगडच्या बाजारातून उचललं गेलं. त्याविरुद्ध लोकांनी पोलीस ठाण्यावर निदर्शनं केली, तर नऊ जणांवर दहशतवादविरोधी यूएपीए कायदा लावला. त्यांत समितीचे ज्येष्ठ नेते लाडो सिकाका होते. पुढे पोलिसांनी यूएपीए मागे घेतला.

नियमगिरीचं बॉक्साइट अजून डोंगरातच आहे.