बटाटा शाकाहारी, पण तळला कशात?

जोतिबाचा नैवेद्य पुरणपोळीचा. त्यामुळे यात्रेच्या दिवशी अनेक घरांत मांसाहार वर्ज्य असतो. मात्र डोंगर उतरल्यावर घेतलेले फ्रेंच फ्राईज शाकाहारी असतात का?

चर्चा कशामुळे?
अमेरिकेतील ‘स्टेक अँड शेक’ साखळीने २०२५ मध्ये फ्राईज गोवंशाच्या चरबीत तळायला सुरुवात केली. मॅकडोनाल्ड्सही तिथे १९९० पर्यंत तेच करत असे. नंतर वनस्पती तेल आले, पण गोमांसाचा स्वादघटक कायम राहिला.

ठाण्यात काय घडले?
२००१ मध्ये हे प्रकरण अमेरिकेत न्यायालयात गेले. त्याचे पडसाद ठाण्यात उमटले आणि मॅकडोनाल्ड्सच्या दुकानाची तोडफोड झाली. भारतातील फ्राईजमध्ये गोमांसाचा अंश नसल्याचे कंपनीने स्पष्ट केले. अमेरिकेत मात्र २००२ मध्ये तिने माफी मागत १ कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली.

आपल्याकडे काय पाहाल?
पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर पदार्थ शाकाहारी. मांसाहारी पदार्थांसाठी आता तपकिरी त्रिकोणाचे चिन्ह आहे. गाड्यावरच्या सुट्या फ्राईजवर कोणतेच चिन्ह नसते. तिथे दोन प्रश्न विचारा: तेल कोणते? आणि याच कढईत चिकन तळता का?